ज्ञानाचे दान आणि समाजाचे देणे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा आदिवासी गावात पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. त्यानंतरच्या दशकात स्वस्त धान्य, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी अशा एकामागून एक गोष्टी या क्रमांकाशी जोडल्या गेल्या. धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा टेकला की त्याचा ठसा हवेतून दूरच्या संगणकापर्यंत जातो, तेथे त्याची पडताळणी होते आणि तेथून होकार आला म्हणजे गहू-तांदूळ मिळतो. ही सारी देवघेव ज्या अदृश्य लहरींच्या भरवशावर चालते, त्या तापीकाठच्या सपाटीवर सहज मिळतात. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत मात्र डोंगराची एक सोंड आडवी आली की त्या लुप्त होतात. मग माणसे टेकडीच्या माथ्यावर जातात आणि शासनाचा होकार तेथे शोधतात.

या लहरींच्या इतिहासात अगदी आरंभीच्या पानावर एका भारतीय प्राध्यापकाचे नाव आहे. जगदीशचंद्र बोस यांचे स्मरण दरवर्षी ३० नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, थोडेफार होते. वनस्पतींनाही संवेदना असतात असे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून ते शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत. बिनतारी संदेशवहनाचे श्रेय ज्यांच्याकडून हिरावले गेले ते संशोधक म्हणूनही त्यांचा उल्लेख अभिमानाने आणि किंचित रोषाने केला जातो. या दोन्ही आठवणी खोट्या नाहीत. पण त्या अपुऱ्या आहेत. जगदीशचंद्रांच्या चरित्रातून जो प्रश्न उभा राहतो तो श्रेयाचा नाही. संशोधकाने आपले ज्ञान मोबदला न घेता जगाला दिले, तर ते सर्वांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

तोट्याचा वारसा

जगदीशचंद्रांचा जन्म १८५८ साली पूर्व बंगालात झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. इंग्रजी शाळेत मुलाला घालणे हे त्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. भगवानचंद्रांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, मग परकी विद्या शिकावी, असे त्यांचे मत होते. त्या शाळेत जगदीशचंद्रांच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातील जीवांच्या ज्या गोष्टी या सवंगड्यांकडून कानी पडल्या, त्यांतून आपल्याला निसर्गाविषयी कुतूहल लागले, असे जगदीशचंद्रांनी पुढे आवर्जून सांगितले आहे. घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांना शिकविणाऱ्या नंदुरबारच्या शिक्षकांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वडिलांचा दुसरा वारसा अधिक अवघड होता. भगवानचंद्रांना लोकांना उद्योगाला लावण्याचा ध्यास होता. बर्द्वान येथे तापाच्या साथीने असंख्य मुले पोरकी झाली, तेव्हा त्यांनी त्या मुलांसाठी कारखाने काढून सुतारकाम आणि लोहारकाम शिकविण्याची सोय केली. आसामात चहाच्या लागवडीत त्यांनी पैसा घातला. यांतील बहुतेक उद्योगांनी त्यांना हात दिला नाही. उलट कर्जाचा डोंगर उभा केला. व्यवहारी जगाने त्यांना अयशस्वी ठरविले. मुलाने मात्र वडिलांच्या अपयशाकडे कधी तुच्छतेने पाहिले नाही. काही प्रयत्न तोट्यात जाऊनच पुढच्यांसाठी वाट तयार करतात, हा धडा त्यांनी घरातच घेतला होता.

वेतनाचा प्रश्न

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्या प्रात्यक्षिकांनी जगदीशचंद्रांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. १८८० साली ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. पण वारंवार येणाऱ्या तापामुळे तो अभ्यास सोडावा लागला आणि ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू लाभला. शिक्षण संपवून परत येताना त्यांच्यापाशी एक शिफारसपत्र होते. ते लिहिणारे गृहस्थ होते हेन्री फॉसेट, म्हणजे ब्रिटनचे पोस्टमास्तर-जनरल आणि केंब्रिजचे अर्थशास्त्राचे अंध प्राध्यापक. पत्र व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या नावे होते. त्याच्या बळावर, शिक्षणखात्यातील वरिष्ठांच्या नाखुषीला न जुमानता, १८८५ साली जगदीशचंद्रांची प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे हंगामी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

नेमणूक झाली ती अपमानासह. त्या खात्यात भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन देण्याचा प्रघात होता, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मे. एकाच वर्गात, एकाच विषयाच्या अध्यापनासाठी, गोऱ्याला जेथे तीन रुपये तेथे काळ्याला एक. जगदीशचंद्रांनी यावर तक्रारअर्ज लिहून थांबण्याचा मार्ग पत्करला नाही, आणि राजीनामाही दिला नाही. त्यांनी अध्यापन चोख चालू ठेवले आणि वेतन स्वीकारण्याचे नाकारले. हे असे सलग तीन वर्षे चालले.

या तीन वर्षांचा अर्थ नोकरदार माणसाला विशेष कळेल. घरावर वडिलांचे कर्ज होते. याच काळात, १८८७ साली, अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अबलाबाईंनी मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. पतीच्या निश्चयात त्या बरोबरीने उभ्या राहिल्या. कलकत्त्यातील घरभाडे परवडत नाही म्हणून हे दांपत्य काही काळ नदीकाठच्या चंद्रनगरला राहिले आणि प्राध्यापक रोज होडीने नदी ओलांडून कामावर जाऊ लागले. अखेरीस शासनाने माघार घेतली. त्यांची नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचे पूर्ण वेतन थकबाकीसह हाती आले. त्या पैशाचा उपयोग वडिलांचे ऋण फेडण्याकडे झाला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत येण्यापूर्वी सहा दशके एका प्राध्यापकाने ते स्वतःच्या संसाराची झीज सोसून मांडले होते.

न्हाणीघराशेजारची प्रयोगशाळा

संशोधनाला मात्र अजून सुरुवात व्हायची होती. महाविद्यालयात संशोधनाची प्रयोगशाळा नव्हती आणि त्यासाठी अनुदानही नव्हते; वर्गातील तासांतून उरलेला वेळ तेवढा स्वतःचा. १८९४ साली, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी उर्वरित आयुष्य नव्या ज्ञानाच्या शोधाला वाहण्याचा संकल्प केला. महाविद्यालयातील न्हाणीघराला लागून असलेली सुमारे चोवीस चौरस फुटांची जागा त्यांनी प्रयोगासाठी घेतली. उपकरणे घडविण्यासाठी पत्र्याचे काम करणारा एक स्थानिक कारागीर हाताशी धरला आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युत-चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. त्या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक होती. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात हे काटेकोरपणे दाखवायचे, तर तेवढ्या लांबीला साजेशी भिंगे आणि लोलक खोलीभर मोठे करावे लागले असते. जगदीशचंद्रांनी प्रश्न उलट बाजूने सोडविला. उपकरण मोठे करण्याऐवजी त्यांनी लहरच आखूड केली. पाच ते पंचवीस मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांनी संपूर्ण यंत्रणा टेबलावर मावेल एवढी केली. अपुऱ्या जागेची अडचण होती आणि शास्त्राची गरजही तीच होती. दोन्हींचे उत्तर एकच निघाले.

साधनांतील त्यांची कल्पकता थक्क करणारी आहे. लहरींचे ध्रुवीकरण दाखविण्यासाठी त्यांनी रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घातले. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा वळते, त्याचा पडताळा लहरींवर पाहण्यासाठी बंगालच्या शेतात पिकणारा ताग पिळून त्याच्या जुड्या केल्या. लहरी गोळा करण्यासाठी धातूचे नरसाळे बनविले. आज सूक्ष्मलहरींच्या तंत्रात ज्याला हॉर्न अँटेना म्हणतात त्याचे ते मूळ रूप. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये, प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांसमोर, त्यांनी या लहरी भिंतींपलीकडे सुमारे पंचाहत्तर फुटांवर पाठविल्या. तेथे घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती. पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शुक्रवारचे मानाचे व्याख्यान झाले. उपकरणे कशी बनविली हे त्यांनी तेथे उघडपणे सांगितले.

नाकारलेले पेटंट

१९०१ साली लंडनमध्ये एका मोठ्या तारयंत्र कंपनीच्या मालकाने त्यांची गाठ घेतली. उपकरणाचा तपशील जाहीर करू नका, आधी पेटंट घ्या, नफ्यात वाटा घेऊन भांडवल आम्ही पुरवू, असा त्याचा आग्रह होता. जगदीशचंद्रांनी तो नाकारला. मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या धनलोभाविषयीची आपली उद्विग्नता व्यक्त केली आहे. एकदा या चक्रात पाय घातला की सुटका नाही, अशी त्यांची धारणा होती.

या कथेत एक दुरुस्ती करणे अवश्य आहे. जगदीशचंद्रांनी पेटंट कधीच घेतले नाही असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. सारा बुल आणि भगिनी निवेदिता या हितचिंतकांच्या आग्रहावरून गॅलिना स्फटिकाच्या ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज करण्यात आला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते पेटंट मंजूरही झाले. त्याच्यापासून पैसा मिळविण्याची खटपट मात्र त्यांनी केली नाही; त्याचा हक्क आपोआप संपू दिला. अर्धवाहक स्फटिकाचा असा उपयोग करण्यातील त्यांचे अग्रस्थान पुढे, १९५५ साली, ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या ब्रॅटन यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या इतिहासात नोंदविले.

मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपारहून आलेला संकेत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ऐकला, तेव्हा त्याने वापरलेल्या पारायुक्त ग्राहकाचे मूळ जगदीशचंद्रांनी १८९९ साली रॉयल सोसायटीत प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ साली सप्रमाण मांडले. याचा अर्थ मार्कोनी चोर ठरतो असा नाही. लॉज, पोपोव्ह, ब्रॅनली अशा अनेकांचे परिश्रम बिनतारीच्या पायात आहेत, आणि दूर अंतराच्या तारेशिवाय संदेशवहनाचा व्यवसाय उभारणे हे जगदीशचंद्रांचे उद्दिष्टही नव्हते. त्यांना लहरींचे स्वरूप जाणून घ्यायचे होते.

भांडवल कोणाकडे?

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम ध्यानात घ्यावा लागतो. पेटंट हे काही पाप नाही. संशोधकाला काही वर्षांची मक्तेदारी देऊन त्याचा खर्च भरून काढण्याची ती सोय आहे. पेटंट नसलेले ज्ञान हवेसारखे सर्वांचे होते हे खरे. पण हवा फुकट असली तरी पवनचक्की फुकट नसते. ज्याच्यापाशी भांडवल, कारखाना आणि बाजारपेठ आहे तोच मुक्त ज्ञानाचा पहिला लाभार्थी होतो. मार्कोनीच्या पाठीशी ब्रिटिश टपालखात्याचे अभियंते होते. १८९७ साली स्थापन झालेली कंपनी होती. जहाजांच्या रूपाने गिऱ्हाईक होते. जगदीशचंद्रांच्या पाठीशी पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. भारतात तारायंत्रावर १८८५ च्या कायद्याने सरकारची मक्तेदारी होती आणि हे सरकार परके होते. कलकत्त्यात जन्मलेले ज्ञान कलकत्त्याला वगळून लंडनच्या कारखान्यात गेले ते कोणाच्या कपटाने नव्हे, तर येथे ते उचलून धरणारी संस्थाच नव्हती म्हणून.

ही उणीव जगदीशचंद्रांना जाणवली नसेल असे मानणे म्हणजे त्यांना भाबडे समजणे होय. १९०० नंतर ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांचे निष्कर्ष मानण्यास नकार दिला. रॉयल सोसायटीने एक निबंध छापणे लांबणीवर टाकले. त्यांपैकी काही प्रतिपादनांवर वाद कायम राहिले. १९१५ साली ते प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाले आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन मंदिराची स्थापना केली. आयुष्यभराची बचत त्यांनी त्यात घातली. देशभरातून देणग्या आल्या, त्यांत मुंबईच्या दानशूरांचाही वाटा होता. येथे लागलेले शोध सर्वांसाठी खुले राहतील आणि त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. त्याबरोबरच कार्यशाळा, सभागृह, नियतकालिक आणि पगारी संशोधक यांची व्यवस्थाही उभी केली. व्यक्तीच्या त्यागाला संस्थेची जोड हवी, हे त्यांनी वडिलांच्या तोट्यातून आणि स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते. १९२० साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेल्या शिशिरकुमार मित्र यांनी पुढे बिनतारी शास्त्राचे अध्यापन कलकत्ता विद्यापीठात रुजविले आणि १९४९ साली तेथे त्या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. न्हाणीघराशेजारी सुरू झालेल्या कामाला अशा रीतीने अर्ध्या शतकाने विद्यापीठाचे छत्र मिळाले.

डोंगरापलीकडचे देणे

खाजगी भांडवल बिनतारीला गावोगाव नेईल ही अपेक्षा भारतात फार लवकर फोल ठरली होती. जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० सालीच दिवाळखोरीत गेली. नभोवाणी सरकारने हाती घेतली, आणि म्हणूनच कालांतराने जळगाव केंद्राचा आवाज खानदेशातील शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. भ्रमणध्वनीचे गणित आणखी कठीण आहे. शहरातील मनोऱ्याखाली हजारो गिऱ्हाइके असतात. विखुरलेल्या पाड्यांच्या डोंगरात तोच मनोरा अधिक खर्चाने उभारावा लागतो, त्याला वीज द्यावी लागते, आणि त्याच्याखाली मोजकी घरे असतात. नफ्यावर चालणारी कोणतीही कंपनी तेथे आपण होऊन जाणार नाही. यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही. दोष आहे तो या विषम हिशेबावर सारे काही सोडून देण्यात.

जगदीशचंद्रांच्या लहरी आज शासनाची मालमत्ता आहेत. २०२२ साली झालेल्या वर्णपटाच्या लिलावात एकूण सुमारे १,५०,१७३ कोटी रुपयांची बोली लागली. त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. त्या लहरीची लांबी साधारण साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे न्हाणीघराशेजारच्या त्या टेबलावर हाताळल्या गेलेल्या लांबीतलीच. इतक्या आखूड लहरी थेट ग्राहकापर्यंत न्यायच्या तर त्या दाट वस्तीत आणि थोड्या अंतरावरच कामी येतात हे खरे. तरीही जेथे केबल टाकता येत नाही अशा डोंगराळ भागात एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे संदेश नेण्याचे काम दोन सेंटिमीटरच्या आसपासच्या सूक्ष्मलहरीच करतात. आणि त्याही त्यांच्याच पट्ट्यातल्या.

दुर्गम भागासाठी निधी नाही असेही नाही. कंपन्यांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा घेऊन ग्रामीण सेवेसाठी वापरावयाचा सार्वत्रिक सेवा निधी २००२ पासून अस्तित्वात होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. संपर्काबाहेरील २४,६८० गावांपर्यंत सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही आणि केवळ पैशाचाही नाही. तो क्रमाचा आहे. जेथे अंगठ्यावाचून धान्य मिळत नाही असा नियम शासन करते, तेथे नियमाच्या आधी मनोरा उभा राहिला पाहिजे. तो राहिला नसेल तर दुकानदाराच्या वहीतील नोंद आणि गावकऱ्यांची साक्ष पुरेशी मानली पाहिजे. लहर पोहोचली नाही याची शिक्षा भुकेल्या माणसाने का भोगावी?

जगदीशचंद्रांनी आपला वाटा चुकता केला. वेतन नाकारले तेव्हाही ते शिकवीत राहिले. पेटंट नाकारले तेव्हाही ते शोध लावीत राहिले. त्यांच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे आहे, आणि त्यात काही खर्चही होत नाही. ज्या जिल्ह्यात पहिला आधार क्रमांक दिला गेला, त्याच जिल्ह्यातील शेवटच्या पाड्यावरच्या म्हातारीला धान्यासाठी टेकडी चढावी लागू नये एवढी व्यवस्था करणे, हा समाजाचा वाटा आहे. तो अद्याप बाकी आहे.